बरोबरीचा निवाडा : अमेरिकी महाविद्यालयीन लॅक्रॉसमधील क्रमवारीचे गणित

अमेरिकेतील महाविद्यालयीन लॅक्रॉसचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, मार्च आणि एप्रिलमध्ये साखळी सामने खेळले जातात आणि मे महिन्याच्या अखेरच्या सोमवारी, म्हणजे तेथील ‘मेमोरियल डे’च्या सुटीच्या सुमारास, राष्ट्रीय विजेता ठरतो. या चार महिन्यांत एप्रिलचे शेवटचे दोन आठवडे वेगळे असतात, कारण त्या काळात बहुतेक साखळ्यांमध्ये दोन, तीन, क्वचित चार संघ सारख्याच जय-पराजयांसह एकमेकांना खेटून उभे असतात आणि पुढच्या फेरीच्या जागा मात्र मोजक्याच असतात. कोण पुढे जाणार हे तेव्हा केवळ उरलेल्या सामन्यांवर ठरत नाही. हंगामापूर्वीच ठरवून ठेवलेल्या, बरोबरी सोडवण्याच्या नियमांवरही ते तितकेच अवलंबून असते. या नियमांना टायब्रेकर म्हणतात. त्यांची रचना कशी असते, ते का लागतात आणि त्यांचा क्रम बदलल्यास निकाल कसा बदलतो, हे समजून घेतले की कोणत्याही खेळातील ‘जर-तर’ची समीकरणे सोडवता येतात.

लॅक्रॉस हा उत्तर अमेरिकेतील आदिवासी राष्ट्रांचा, विशेषतः हौदेनोसौनी समूहाचा, प्राचीन खेळ आहे. टोकाला जाळी बसवलेल्या काठीने चेंडू झेलणे, तो सोबत घेऊन धावणे, सहकाऱ्याकडे फेकणे आणि शेवटी प्रतिपक्षाच्या सहा फूट रुंद व सहा फूट उंच गोलात मारणे, असे त्याचे स्वरूप आहे. मॉन्ट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बीअर्स यांनी १८६७ मध्ये त्याचे नियम लिहून काढले आणि पुढे तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील महाविद्यालयांत रुजला. पुरुषांच्या मैदानी लॅक्रॉसमध्ये प्रत्येक बाजूला दहा खेळाडू असतात आणि महाविद्यालयीन सामना पंधरा मिनिटांच्या चार सत्रांत होतो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की या खेळात सामना अनिर्णित राहत नाही : चार सत्रांनंतर गोल समसमान असतील तर चार-चार मिनिटांची जादा सत्रे खेळवली जातात आणि जो संघ पहिला गोल करतो तो तत्क्षणी जिंकतो. त्यामुळे प्रत्येक सामन्याचे दोनच निकाल संभवतात, आणि फुटबॉल किंवा हॉकीच्या गुणतक्त्याप्रमाणे विजयाचे आणि बरोबरीचे वेगवेगळे गुण येथे मोजावे लागत नाहीत. क्रमवारी विजयांच्या टक्केवारीवर लागते.

राष्ट्रीय स्पर्धेचे दार

अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राचा कारभार प्रामुख्याने ‘एनसीएए’ ही संघटना पाहते. तिच्या सर्वोच्च श्रेणीतील संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेले असतात. कॉन्फरन्स म्हणजे परस्परांशी नियमित सामने खेळण्याचा करार केलेल्या विद्यापीठांचा संघ. त्याचे स्वतःचे नियम, स्वतःची क्रमवारी आणि बहुधा स्वतःची बाद पद्धतीची स्पर्धाही असते. पुरुषांच्या लॅक्रॉसमध्ये हे गट लहान आहेत. ‘बिग टेन’मध्ये मेरीलँड, रटगर्स, पेन स्टेट, ओहायो स्टेट, मिशिगन आणि केवळ या खेळापुरते सामील झालेले जॉन्स हॉपकिन्स असे सहा संघ खेळतात. आयव्ही लीगच्या आठ विद्यापीठांपैकी कोलंबियाचा पुरुष लॅक्रॉस संघ या स्तरावर नसल्याने तेथे सात संघ उरतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला सहा साखळी सामने येतात. ‘बिग ईस्ट’मध्ये सहा संघ आहेत, तर ‘पेट्रियट लीग’मध्ये नऊ.

साखळीत वरच्या स्थानांवर आलेले संघ कॉन्फरन्सच्या बाद स्पर्धेत खेळतात. आयव्ही लीग आणि बिग ईस्टमध्ये पहिल्या चार संघांना हा प्रवेश मिळतो. काही कॉन्फरन्समध्ये सहा संघ घेतले जातात आणि त्यांपैकी पहिल्या दोघांना थेट उपांत्य फेरीत स्थान असते. ही बाद स्पर्धा जिंकणारा संघ राष्ट्रीय स्पर्धेत आपोआप पात्र ठरतो. पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीची ही राष्ट्रीय स्पर्धा १९७१ पासून होत आहे. पहिल्या वर्षी कॉर्नेलने मेरीलँडला हरवून विजेतेपद मिळवले होते आणि २०२५ च्या अंतिम सामन्यातही हेच दोन संघ समोरासमोर येऊन कॉर्नेलच जिंकले. २०२५ च्या स्पर्धेत अठरा संघ होते. त्यांपैकी दहा आपापल्या कॉन्फरन्सचे विजेते म्हणून आले, तर उरलेले आठ निवड समितीने गुणवत्तेवर घेतले. म्हणजे साखळीतील चौथ्या आणि पाचव्या स्थानामधील अंतर हे अनेक संघांसाठी हंगाम पुढे चालू राहणे आणि तेथेच संपणे यांमधील अंतर असते. टायब्रेकरचे नियम बहुतेक वेळा नेमके याच रेषेवर लागू होतात.

बरोबरी इतकी वारंवार का होते

सहा संघ एकमेकांशी एकेकदा खेळले तर एकूण पंधरा सामने होतात आणि प्रत्येक संघाच्या नावावर शून्य ते पाच यांपैकी एखादी विजयसंख्या लागते. कोणतेही दोन संघ बरोबरीत येऊ नयेत असे हवे असेल, तर विजयांची मालिका पाच, चार, तीन, दोन, एक, शून्य अशीच लागली पाहिजे. म्हणजे पहिल्या संघाने सर्वांना, दुसऱ्याने पहिला वगळून सर्वांना, याच क्रमाने हरवले पाहिजे. पंधरा सामन्यांचे निकाल एकूण ३२,७६८ प्रकारे लागू शकतात आणि त्यांपैकी अशी निर्दोष उतरंड फक्त ७२० प्रकारांत तयार होते. सर्व संघ तुल्यबळ आहेत असे धरले, तर बरोबरी अजिबात न होण्याची शक्यता सुमारे २.२ टक्के इतकीच येते. सात संघांच्या साखळीत ती पाव टक्क्याच्याही खाली घसरते. प्रत्यक्षात काही संघ बलाढ्य व काही दुबळे असल्याने ही शक्यता थोडी वाढते, तरीही बरोबरी हा अपवाद नसून नियमच ठरतो.

यात भर पडते ती ‘अ’ने ‘ब’ला, ‘ब’ने ‘क’ला आणि ‘क’ने ‘अ’ला हरवले अशा चक्राकार निकालांची. मॉरिस केंडल आणि बर्नार्ड बॅबिंग्टन स्मिथ या संशोधकांनी १९४० मध्ये जोडीजोडीने केलेल्या तुलनांचा अभ्यास करताना अशा चक्राकार त्रिकुटांची संख्या मोजण्याचे सूत्र दिले. कोणत्याही तीन संघांतील तीन सामन्यांचे आठ संभाव्य निकाल असतात आणि त्यांपैकी दोन चक्राकार असतात. म्हणून तुल्यबळ संघांमध्ये प्रत्येक चौथे त्रिकूट चक्रात सापडते. सहा संघांच्या साखळीत वीस त्रिकुटे असल्याने सरासरी पाच चक्रे अपेक्षित असतात. चाहत्यांना विलक्षण वाटणारा ‘सर्वांनी सर्वांना हरवले’ हा प्रकार अशा रीतीने गणिताच्या दृष्टीने अगदी साधारण आहे.

नियमांची उतरंड

टायब्रेकरची नियमावली ही पायऱ्यांची उतरंड असते. पहिल्या पायरीवर संघ वेगळे झाले नाहीत तरच दुसरी पायरी विचारात घेतली जाते. दोन संघांची बरोबरी असेल तर बहुतेक नियमावल्यांतील पहिली पायरी परस्परांमधील लढतीची असते : साखळीत त्या दोघांचा सामना झाला तेव्हा जो जिंकला तो वर. लॅक्रॉसमध्ये सामना अनिर्णित राहत नसल्याने एकेरी साखळीत दोन संघांची बरोबरी येथेच सुटते.

तीन किंवा अधिक संघ बरोबरीत असतील तेव्हा त्यांच्यापुरतीच एक छोटी साखळी कल्पिली जाते आणि फक्त आपसांतील सामन्यांत कोणी किती जिंकले हे पाहिले जाते. तेथेही चक्र निघाले तर पुढच्या पायऱ्या येतात. प्रचलित पायऱ्यांपैकी एक म्हणजे क्रमवारीतील वरच्या संघांविरुद्धची कामगिरी. त्यात आधी अव्वल संघाविरुद्ध, मग दुसऱ्याविरुद्ध, असे वरून खाली येत तुलना केली जाते. दुसरी म्हणजे गोलफरक, म्हणजेच केलेल्या गोलांतून स्वीकारलेले गोल वजा करून येणारी संख्या. एकतर्फी सामन्यात विनाकारण गोलांचा डोंगर रचला जाऊ नये म्हणून एका सामन्यातील फरकावर कमाल मर्यादा घालता येते. याही उपायांनी प्रश्न सुटला नाही तर शेवटी चिठ्ठी किंवा नाणेफेक उरते.

एक बारीक पण निर्णायक तरतूद वाचकाच्या नजरेतून सहज निसटते. तीन संघांपैकी एक संघ एखाद्या पायरीवर वेगळा झाला की उरलेल्या दोघांसाठी काय करायचे? काही नियमावल्या म्हणतात की पुन्हा पहिल्या पायरीवर जावे आणि त्या दोघांचा परस्पर सामना पाहावा. काहींनुसार त्याच जागेवरून पुढच्या पायरीवर जावे. या एका वाक्यावर एखाद्या संघाचा हंगाम उलटू शकतो.

शेवटच्या दिवसाचे समीकरण

हे सारे प्रत्यक्षात कसे चालते ते एका काल्पनिक साखळीवरून पाहता येईल. अ, ब, क, ड, इ आणि फ असे सहा संघ आहेत, पहिले चार बाद स्पर्धेत जाणार आहेत, प्रत्येकाचे चार सामने झाले आहेत आणि शेवटच्या दिवशी अ–इ, ब–फ आणि क–ड हे तीन सामने बाकी आहेत. ‘अ’ने ब, क, ड आणि फ या चौघांना हरवले आहे. ‘ब’ने क आणि इ यांना, ‘क’ने इ आणि फ यांना, तर ‘ड’ने ब आणि इ यांना हरवले आहे. ‘इ’चा एकमेव विजय फ विरुद्ध आहे आणि ‘फ’चा एकमेव विजय ड विरुद्ध. म्हणून तक्ता असा दिसतो : अ चार विजय, ब, क आणि ड प्रत्येकी दोन, इ आणि फ प्रत्येकी एक.

तीन सामने म्हणजे निकालांच्या आठ शक्यता. ‘अ’चे अव्वल स्थान पक्के आहे, कारण इतर कोणीही तीन विजयांपलीकडे जाऊ शकत नाही. वरवर पाहता उरलेल्या तीन जागांसाठी पाचही संघ शर्यतीत आहेत, कारण ‘इ’ आणि ‘फ’ आपला सामना जिंकून दोन विजयांपर्यंत पोहोचू शकतात. आठही शक्यता लिहून काढल्या की चित्र बदलते.

‘ब’ने ‘फ’ला हरवले तर फ एका विजयावर अडकून बाद होतो आणि ‘ब’ तीन विजयांसह पुढे जातो. अशा वेळी क–ड सामन्यातील पराभूत संघाचे दोन विजय राहतात. ‘इ’ने बलाढ्य ‘अ’ला धक्का दिला तर त्याचेही दोन होतात, पण क आणि ड या दोघांनीही ‘इ’ला आधीच हरवलेले असल्याने परस्पर लढतीच्या पायरीवर ‘इ’ मागे पडतो. या चारही शक्यतांत अ, ब, क आणि ड हेच पुढे जातात.

‘फ’ने ‘ब’ला हरवले तर मात्र गुंता वाढतो. अ आणि क जिंकले असतील तर ब, ड आणि फ प्रत्येकी दोन विजयांवर थांबतात. त्यांच्या छोट्या साखळीत ‘फ’ने दोघांनाही हरवले आहे, ‘ड’ने ‘ब’ला हरवले आहे आणि ब दोन्ही सामने हरला आहे. म्हणून फ आणि ड आत, ब बाहेर. इ आणि क जिंकले असतील तर ब, ड, इ, फ असे चार संघ दोन विजयांवर येतात आणि त्यांच्या आपसांतील सामन्यांत ड व फ यांचे दोन-दोन, ब व इ यांचे एक-एक विजय होतात. पुन्हा ब आणि इ बाहेर. इ आणि ड जिंकले असतील तर बरोबरीत ब, क, इ आणि फ असतात, आपसांत ब व क यांचे दोन-दोन विजय भरतात आणि स्वतःचा सामना जिंकूनही फ बाहेर पडतो. आठवी शक्यता अ आणि ड जिंकण्याची आहे. त्यात ब, क आणि फ बरोबरीत येतात, पण ‘ब’ने ‘क’ला, ‘क’ने ‘फ’ला आणि ‘फ’ने ‘ब’ला हरवलेले असल्यामुळे पहिली पायरी निरुपयोगी ठरते.

या मांडणीतून काही गोष्टी स्पष्ट होतात. तक्त्यात ब, क आणि ड शेजारी-शेजारी असले तरी त्यांची स्थिती सारखी नाही : ‘ड’ शेवटचा सामना हरला तरी आठही शक्यतांत तो आतच असतो, ‘क’ला फक्त आठव्या शक्यतेत धोका आहे, तर ‘ब’ हरला तर दोन शक्यतांत तो नक्की बाद होतो. ‘इ’ गणिताने दोन विजयांपर्यंत पोहोचू शकत असला तरी एकाही शक्यतेत पात्र ठरत नाही, म्हणजे शेवटचा दिवस उजाडण्यापूर्वीच तो बाद झालेला आहे. आणि ‘फ’चे भवितव्य ज्या अ–इ सामन्यात तो खेळतही नाही त्यावर अवलंबून आहे : ड जिंकल्यास ‘इ’चा विजय हा ‘फ’च्या मुळावर येतो, कारण बरोबरीत एक संघ वाढल्याने, आणि त्या संघाने ‘फ’ला पूर्वी हरवले असल्याने, छोट्या साखळीचे गणितच बदलते. अमेरिकी क्रीडापत्रकार हंगामाच्या अखेरीस ‘अमुक जिंकला आणि तमुक हरला तर’ अशा ज्या याद्या छापतात, त्या याच पद्धतीने तयार होतात.

चक्र तोडण्याच्या दोन रीती

आठवी शक्यता अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे. ब, क आणि फ यांच्यात दोन जागा वाटायच्या आहेत. नियमावलीची पुढची पायरी वरच्या संघांविरुद्धच्या कामगिरीची असेल तर आधी अव्वल ‘अ’ विरुद्धचे निकाल पाहिले जातील. तिघेही त्याच्याकडून हरले असल्याने फरक पडणार नाही. त्यानंतर दुसऱ्या स्थानावरील ‘ड’ येईल, ज्याने ब आणि क यांना हरवले पण जो ‘फ’कडून हरला. म्हणून ‘फ’ला तिसरे स्थान मिळेल. उरलेल्या दोघांसाठी पहिल्या पायरीकडे परतण्याची तरतूद असेल तर ‘ब’ने ‘क’ला हरवलेले असल्याने चौथी जागा ‘ब’ची. परतण्याची तरतूद नसेल तर तुलना बरोबरीबाहेरच्या पुढच्या संघांविरुद्ध चालू राहील, दोघांनीही ‘इ’ला हरवले असल्याने तेथेही काही हाती लागणार नाही आणि प्रश्न गोलफरकापर्यंत जाईल.

आता समजा की नियमावलीत वरच्या संघांच्या आधी आपसांतील सामन्यांचा गोलफरक आहे, आणि त्या तीन सामन्यांचे निकाल असे आहेत : ‘ब’ने ‘क’ला ९–८, ‘क’ने ‘फ’ला १४–६ आणि ‘फ’ने ‘ब’ला ११–१० असे हरवले. मग ‘क’चा फरक अधिक सात, ‘ब’चा शून्य आणि ‘फ’चा उणे सात येतो. क आणि ब आत जातात, फ बाहेर पडतो. मैदानावरचा एकही गोल बदललेला नाही. केवळ दोन पायऱ्यांची अदलाबदल झाली आणि तिसऱ्या स्थानावरचा संघ स्पर्धेबाहेर गेला.

आधी काय मोजायचे

पायऱ्यांचा क्रम ठरवणे म्हणजे कोणत्या गुणाला आधी मान द्यायचा हे ठरवणे होय. परस्पर लढतीला अग्रक्रम देणारा नियम असे मानतो की दोघांमधला प्रश्न दोघांनी समोरासमोर सोडवलेला असताना इतरत्र पाहण्याचे कारण नाही. गोलफरकाला अग्रक्रम देणारा नियम संपूर्ण हंगामातील सातत्याला महत्त्व देतो. वरच्या संघांविरुद्धच्या कामगिरीचा नियम बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला हरवण्याची किंमत वाढवतो. यांपैकी कोणतीही भूमिका चुकीची म्हणता येत नाही, मात्र त्या वेगवेगळे विजेते देतात.

युरोपीय फुटबॉलमध्ये हा फरक ठळकपणे दिसतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये गुण समान झाल्यास आधी गोलफरक पाहिला जातो आणि २०१२ मध्ये मँचेस्टर सिटीने मँचेस्टर युनायटेडला त्याच आधारे मागे टाकून विजेतेपद मिळवले. स्पेनच्या ला लीगामध्ये आधी परस्पर लढती पाहतात. २००७ मध्ये रिअल माद्रिद आणि बार्सिलोना यांचे ७६ गुण समान झाले, बार्सिलोनाचा गोलफरक कितीतरी सरस होता, तरीही आपसांतील सामन्यांच्या बळावर विजेतेपद माद्रिदला मिळाले.

मराठी वाचकाच्या परिचयाचे उदाहरण आयपीएलचे आहे, जेथे गुण बरोबरीत आल्यावर निव्वळ धावगती निर्णायक ठरते. २५ मे २०१४ रोजी वानखेडे स्टेडियमवर राजस्थानविरुद्ध मुंबई इंडियन्सला केवळ जिंकून भागणार नव्हते, तर १९० धावांचे लक्ष्य १४.३ षटकांत गाठायचे होते. त्या क्षणी धावसंख्या बरोबरीत थांबली आणि पुढच्याच चेंडूवर चौकार किंवा षटकार मारल्यास धावगती अजूनही पुरेशी ठरेल असे निष्पन्न झाल्यावर आदित्य तरे याने षटकार मारून संघाला बाद फेरीत नेले. धावगतीला अग्रक्रम देणाऱ्या नियमात विजयाचा वेगही महत्त्वाचा होतो. महाविद्यालयीन लॅक्रॉसमध्ये परस्पर लढत पहिली असल्याने असा प्रसंग सहसा येत नाही. तेथे मार्चमध्ये जादा वेळेत एका गोलाने जिंकलेला सामना एप्रिलच्या अखेरीस दहा गोलांनी जिंकलेल्या सामन्यापेक्षा मोलाचा ठरू शकतो.

बाद कोण, हे शोधण्याचे गणित

तीन सामन्यांच्या आठ शक्यता कागदावर लिहिता येतात, पण सामने वाढले की शक्यता दुपटीने वाढत जातात : सहा सामन्यांच्या चौसष्ट, दहा सामन्यांच्या एक हजार चोवीस आणि वीस सामन्यांच्या दहा लाखांहून अधिक. एखादा संघ अजून अव्वल येऊ शकतो का, हे प्रत्येक शक्यता न तपासता कसे ठरवायचे, या प्रश्नाचे उत्तर बेंजामिन श्वार्ट्झ यांनी १९६६ मध्ये बेसबॉलच्या साखळीसंदर्भात दिले. उरलेल्या प्रत्येक सामन्याचा विजय हा वाहून न्यायचा एक नग आहे, तो दोनपैकी एका संघाकडे पोहोचवायचा आहे आणि कोणत्याही प्रतिस्पर्ध्याकडे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त नग साचू द्यायचे नाहीत, अशी मांडणी करून त्यांनी हा प्रश्न जाळ्यातून होणाऱ्या कमाल प्रवाहाच्या प्रश्नात रूपांतरित केला. सर्व नग मर्यादेत पोहोचवता आले तर संघ शर्यतीत आहे, अन्यथा तो बाद आहे. ही रीत संगणकाला झटपट करता येते आणि आज ती गणनपद्धतींच्या पाठ्यपुस्तकांत शिकवली जाते.

लॅक्रॉसला ही मांडणी चपखल बसते, कारण बेसबॉलप्रमाणे येथेही प्रत्येक सामन्याचा एकच विजेता असतो. विजयाला तीन आणि बरोबरीला एक गुण देणाऱ्या फुटबॉलमध्ये मात्र हाच प्रश्न गणनेच्या दृष्टीने अत्यंत अवघड वर्गात मोडतो, असे १९९० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झाले. तथापि श्वार्ट्झ यांची रीत फक्त विजयांची संख्या पाहते. वरच्या उदाहरणातील ‘इ’सारखा संघ, जो विजयांत बरोबरी साधू शकतो पण प्रत्येक वेळी टायब्रेकरवर मागे पडतो, तिच्या नजरेतून सुटतो, त्याच्यासाठी नियमावली हाती घेऊन शक्यता तपासाव्याच लागतात.

बरोबरीत हरल्यानंतर

टायब्रेकरवर मागे पडलेल्या प्रत्येक संघाचा हंगाम संपतोच असे नाही. राष्ट्रीय स्पर्धेतील उर्वरित जागा भरताना निवड समिती प्रतिस्पर्ध्यांची ताकद, नामांकित संघांवरील विजय आणि ‘आरपीआय’ नावाचा निर्देशांक विचारात घेत आली आहे. या निर्देशांकात संघाच्या स्वतःच्या विजयांच्या टक्केवारीला २५ टक्के, त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या टक्केवारीला ५० टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या टक्केवारीला २५ टक्के वजन दिलेले असते. म्हणजे कोणाशी खेळलो याला किती जिंकलो यापेक्षा अधिक महत्त्व मिळते. परिणामी बलाढ्य कॉन्फरन्समधील पाचवा संघ राष्ट्रीय स्पर्धेत जाऊ शकतो, तर दुबळ्या कॉन्फरन्समधून बहुधा एकटा विजेताच जातो.

२०२२ चा हंगाम याचे बोलके उदाहरण आहे. त्या वर्षी आयव्ही लीगच्या सातपैकी सहा संघांना राष्ट्रीय स्पर्धेत स्थान मिळाले. त्यांत प्रिन्स्टन होते, जे स्वतःच्या लीगच्या चार संघांच्या बाद स्पर्धेतही पोहोचू शकले नव्हते. तरीही राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी उपांत्य फेरी गाठली आणि तेथे त्या वर्षी अपराजित राहून विजेते ठरलेल्या मेरीलँडकडून ते हरले. त्याच वर्षी नोत्र दामच्या वाट्याला उलटा अनुभव आला. ज्या ‘एसीसी’ कॉन्फरन्समध्ये हा संघ खेळतो तेथे पुरुष लॅक्रॉसचे पाचच संघ आहेत, आणि थेट प्रवेशासाठी किमान सहा संघ लागत असल्याने तिच्या विजेत्याला आपोआप स्थान मिळत नाही. सारा भार समितीच्या निर्णयावर पडला आणि आठ विजय व चार पराभव अशी कामगिरी असलेले नोत्र दाम वगळले गेले. पुढच्या दोन्ही वर्षी, २०२३ आणि २०२४ मध्ये, हाच संघ राष्ट्रीय विजेता झाला. समितीच्या निवडीत मत आणि मूल्यमापन यांना वाव असतो, म्हणून तिच्यावर वाद होतात. टायब्रेकरच्या नियमाला तो वाव नसतो, आणि हीच त्याची खरी उपयुक्तता आहे.

भारतीय प्रेक्षकांसाठी हे गणित फार काळ परके राहणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी लॅक्रॉसचा सहा खेळाडूंचा प्रकार आणि टी-ट्वेंटी क्रिकेट यांना एकत्रच मान्यता मिळाली, आणि दोन्ही खेळांत पुरुष व महिला गटांत प्रत्येकी सहाच संघ असणार आहेत. संघ थोडे, सामने मोजके आणि जागा त्याहून कमी, अशा स्पर्धेत बरोबरी अटळ असते. टायब्रेकर सर्वोत्तम संघ शोधून देत नाही. इतक्या थोड्या सामन्यांतून तो शोधता येणेच शक्य नसते. नियम पहिल्या सामन्याच्या आधी लिहिलेला, सर्वांना माहीत असलेला आणि मधेच न बदलणारा असावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा करता येते. म्हणून शेवटच्या दिवशी हातात घेण्याजोगी पहिली वस्तू गुणतक्ता नव्हे, तर नियमावलीचे पान होय.